डाल्टन, थॉमसन आणि पाहुणे

डाल्टन पाहुण्यांच्या तोंडात गेला तेव्हा मयुरी मागच्या खोलीत धाकट्या डिंपलच्या मुठीतून शर्टाचं बटण सोडवत होती.

आज सिंदेवाहीत विज्ञान प्रदर्शन होतं. आठवीतल्या थोरल्या लेकीचा, दिव्यानीचा विषय होता, अणूच्या जुन्या कल्पना. मागच्या वर्षी तिचा ज्वालामुखी पावसात विरघळला होता आणि पोरगी आठवडाभर शाळेत गेली नव्हती. यंदा ते होऊ द्यायचं नव्हतं. पण थर्माकोल, मणी, टाचण्या घरात आणायची सोय नव्हती, कारण दोन वर्षांची डिंपल दिसेल ते गिळून पाहायची. बीएस्सी झालेल्या मयुरीने सगळे अणूच खाण्याजोगे केले. कणादांचा परमाणू म्हणून वाटीत तांदळाचा एक दाणा. डाल्टनचा भरीव, न फुटणारा अणू म्हणून तांदळाच्या पिठाचा आवळ्याएवढा टणक लाडू. थॉमसनच्या अणूत इलेक्ट्रॉन रुतून बसलेले, म्हणून तिळाचा लाडू. डिंपलने गिळलं तरी काळजी नको. डिंपल सोडून दुसरं कोणी खाईल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"आई! हे ताट कुठून घेतलं?" मयुरी धावत बाहेर आली.

"फळीवरून," सासूबाई गिरजाबाई म्हणाल्या. "तुह्या सासऱ्याचे जुने मैतर आले, मनसारामभाऊ. त्याईले रिकाम्या तोंडानं जाऊ देऊ काय?"

"तो डाल्टन हाये!"

"कोन डाल्टन? तुह्या माहेरचा काय?"

मनसारामभाऊंना काही बोलायचं होतं, पण तोंडात डाल्टन होता. 'कट्' असा आवाज झाला. त्यांचे डोळे पाणावले.

"पाहा, कसे गहिवरले," गिरजाबाई म्हणाल्या आणि तिळाचा लाडू पुढे केला. मयुरीने झडप घातली, तर हातावर चापट बसली.

"पावण्याले एकटा लाडू देतेत काय? जोडीनं देतेत. एवढी शिकली अन् हे नाई समजत?"

थॉमसनही गेला. पाहुणे हात जोडून उठले. पहिल्यांदाच घरी आलेला माणूस, म्हणून गिरजाबाईंनी कुंकवाचा टिळा लावला. अक्षता शोधताना नजर वाटीवर पडली. "एकच दाना हाये. पुरे झाला," म्हणत त्यांनी कणादांना पाहुण्यांच्या कपाळावर चिकटवलं.

घरातले तीळ संपले होते आणि बस दारात होती. मायलेकी तीन नावांच्या पाट्या, रिकामं ताट आणि रिकामी वाटी घेऊन निघाल्या. दिव्यानी वाटभर रडली.

प्रदर्शनात परीक्षक टेबलापाशी आले. एक तरुण सर होते. दुसरे निवृत्त गुरुजी, कपाळावर टिळा, टिळ्यात एक दाणा. मयुरीला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

"मॉडेल कुठी हायेत?" तरुण सरांनी विचारलं. "मॉडेल नाई तर नंबर नाई."

दिव्यानीने डोळे पुसले, पट्टी उचलली आणि गुरुजींकडे रोखली. "सर, कणाद या सरांच्या कपाळावर हायेत. डाल्टन अन् थॉमसन पोटात."

तरुण सर खवळलेच. "काऊन वं, मस्करी करून राह्यली काय?"

मनसारामभाऊंनी हात वर करून त्यांना थांबवलं. कपाळ चाचपलं. मग गाल धरून हळूच विचारलं, "डाल्टनचं का चुकलं होतं, सांग बरं?"

"तो म्हने, अणू फुटत नाई. पन फुटते."

"कोनं फोडला?"

"तुमीच ना सर. आज सकाळी. आवाज आला."

गुरुजींनी खिशातून रुमाल काढून उघडला. आत अर्धी दाढ होती.

"आवाज हिचा होता, पोरी. डाल्टन अख्खाच गेला आत."

मग त्यांनी वहीत पहिला क्रमांक लिहिला आणि पुढे शेरा मारला: 'डाल्टनचे मॉडेल मूळ सिद्धान्ताशी संपूर्ण प्रामाणिक.'