सेतुमाधवराव आणि दचकणारा ट्रान्सफॉर्मर

आमच्या वेलचेरीच्या सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर सुरू करायचा असला, की तळमजल्यावरचे सेतुमाधवराव आधी त्याच्या जाळीच्या दारावर टकटक करतात. झोपलेल्याला एकदम उठवू नये, म्हणतात. हे गृहस्थ जन्मभर वीजखात्यात इंजिनियर होते, म्हणून मला जास्तच भीती वाटते.

ते तंजावरकडचे मराठी. शब्द जुने, सूर तमिळ, आणि कुणी घाई केली की उत्तर एकच, "कोंजम पोरुंगो." म्हणजे जरा दम धरा. लिफ्टमध्ये अडकलेल्यांनाही ते बाहेरून हेच सांगतात.

गेल्या पुराचं पाणी ओसरल्यावर कंत्राटदाराच्या माणसांनी वीज तोडणारा रिले नव्यानं लावून दिला. तेव्हापासून वीज चालू केली की ट्रान्सफॉर्मर खोल घशातून गुरगुरे आणि क्षणात सगळं पुन्हा बंद. बिघाड कुठेच सापडेना. त्यात भरदुपारी एका बाईची किंकाळी ऐकू येई. वॉचमन शपथेवर सांगू लागला, की बाई ट्रान्सफॉर्मरच्या आत आहे. मग जाळीवर राक्षसाचं तोंड रंगवलेला कोहळा लटकला. तो मीच आणला होता.

सेतुमाधवराव कोहळ्याला नमस्कार करून रिलेसमोर बसले.

"जागा होताना हा पहिल्या झटक्याला भरमसाठ करंट ओढतो," ते म्हणाले. "बंद होतानाचं थोडं चुंबकत्व लोखंडात उरलेलं असतं. किती दचकेल ते त्यावर. रिले त्यालाच शॉर्ट समजतो."

त्यांनी आकडेमोड करून रिलेची मर्यादा त्या झटक्याच्या जरा वर नेली. खरा शॉर्ट झाला तर मात्र त्यानं तोडलंच पाहिजे, हेही बजावलं. मग टकटक केली. गुरगुर उठली, माझ्या अंगावर काटा आला, आणि हळूहळू नेहमीची घुमघुम राहिली.

वीज आली, पण किंकाळी थांबली नाही. ती सेतुमाधवरावांच्याच घरातून येत होती. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंना आता काही आठवत नाही. दुपारची झोप मोडली की त्या किंचाळतात. बाईंना अण्णा नगरच्या एका संस्थेत ठेवावं, असं सोसायटीनं ठरवलं आणि सेक्रेटरी म्हणून सांगायला मला पाठवलं.

मी गेलो तेव्हा सेतुमाधवराव जेवत होते. माझं ऐकून घेत त्यांनी ताट संपवलं. एवढ्यात रुक्मिणीबाई दारात आल्या, नवऱ्याकडे चोर पाहावा तसं पाहिलं आणि किंचाळल्या. जवळून तो आवाज माणसाचा वाटेना. मी उठून पळणार होतो. सेतुमाधवराव जागचे हलले नाहीत, जवळ गेले नाहीत, गप्प बसा म्हणाले नाहीत. मला त्यांची फार दया आली. आवाज हळूहळू उतरला. बाई बराच वेळ त्यांना निरखत राहिल्या.

"कोण हो तुम्ही?" त्यांनी विचारलं. "जेवलात का?"

"नाही," सेतुमाधवराव म्हणाले.

त्या भात आणायला आत वळल्या. मी ते उष्टं ताट उचललं आणि माझ्या खुर्चीखाली सरकवलं.