उपोषण सोडवणारा माणूस

उपोषण सोडवण्यात आमच्या विद्यापीठात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! मी गुरुपादप्पा, विद्यार्थी कल्याण विभागाचा अधीक्षक. मंडपात जायचं, गोड बोलायचं, आश्वासन द्यायचं, मोसंबीचा रस पाजायचा, फोटो काढायचा. संपला विषय!

यंदा मात्र पोरं फीवाढीविरुद्ध बसली होती, आणि ती फीवाढ डॉक्टरसाठी होती. नांदेडबाहेर माळावर आमचं विद्यापीठ. आरोग्य केंद्रात डॉक्टर येणार आठवड्यातून एकदा, तेही त्याच्या मनात आलं तर. गेल्या महिन्यात वसतिगृहातल्या पोरीला विंचू चावला, तर तिला दुधाच्या टेम्पोत घालून शहरात न्यावं लागलं. म्हणून पूर्णवेळ डॉक्टर ठेवायचं घाटत होतं. उपोषणाच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी फी ठरवणाऱ्या समितीची बैठक होती. तोवर पोरं राजी झाली नाहीत तर प्रस्ताव गुंडाळणार, आणि पुढच्या विंचवालाही टेम्पोच!

त्या दिवशी श्रावणी सोमवार, म्हणजे माझाही उपास. बायकोनं, रुद्राणीनं, साबुदाण्याची खिचडी दिली होती. पण उपाशी पोरांसमोर शेंगदाण्याचे ढेकर देत कुठं जायचं? डबा ड्रॉवरमध्ये ठेवला, चहासुद्धा घेतला नाही. महादेवाच्या पुजाऱ्यानं गळ्यात घातलेला झेंडूचा हार मात्र काढला नाही, माणसाचं वजन पडतं! तसाच जाऊन पोरांच्या सतरंजीवर मांडी घातली. त्यांच्याही गळ्यात हार होतेच.

पुढारीण होती जळकोटची वर्षाराणी. पोरगी लई खमकी.

"साहेब, जिमखान्याची फी भरायलोत, त्याचं कुलूप अजून उघडलं न्हाई," ती म्हणाली. "आधी डॉक्टर बसवा, मग फी मागा."

बोलणं खरं होतं, पण खरं मान्य करायचा अधिकार अधीक्षकाला नसतो. मी दुपारभर समजावलं, घसा कोरडा पडला. शेवटी जोरदार भाषण ठोकावं म्हणून ताडकन उभा राहिलो, आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. पुढचं मला पोरांनीच सांगितलं.

मी आडवा झालो, तशी दिवसभराची उपाशी पोरं मला उचलून आरोग्य केंद्राकडं पळाली. दाराला कुलूप! वर्षाराणीनं दगड घेऊन कुलूप तोडलं. आत एक पलंग, एक कॅलेंडर आणि कॅलेंडरवर धूळ. शेवटी तिनं मंडपातून मोसंबीचा रस मागवला, पोरांसाठी मीच आणलेला, आणि चमच्याचमच्यानं मला पाजला. मी डोळे उघडले तर ती रडत होती. पोटच्या पोरीसारखी रडत होती, खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं.

तेवढ्यात पेपरवाला आला. हार घातलेला माणूस, त्याला रस पाजणारी पोरगी. त्यानं काही न विचारता फोटो मारला!

वर्षाराणी डोळे पुसून तडक बैठकीत घुसली. आज साहेब पडले, उद्या आमच्यातलं कोणी पडंल, म्हणाली. फी देतो, पण डॉक्टर खुर्चीवर बसलेला दिसल्यावरच. समितीनं मान्य केलं.

आता डॉक्टरीणबाई रोज येतात. फी त्यानंतरच लागली, आणि जिमखानाही उघडला, बहुतेक कुलपाच्या धास्तीनं.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा मोठा फोटो होता: 'डॉक्टरसाठी अधीक्षकांचे उपोषण, विद्यार्थिनीच्या हस्ते सुटले'. रुद्राणीनं तो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. येणारेजाणारे विचारतात, मी मान डोलावतो. उपोषण सोडवण्यात माझा हात धरणारा अजूनही कोणी नाही हो. या खेपेला सुटलं ते माझं, एवढंच!