ओट्यावरचं नाक

लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनींची एकच इच्छा होती. दागिना नको, बंगला नको. आपण स्वयंपाकघरात उभं असताना पाठीवर कुणाची नजर नसावी, एवढीच. ती नजर वन्संची होती. नवऱ्याची, म्हणजे भाऊंची, ही थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रोज सकाळी गॅस पेटायच्या आत दारात हजर व्हायची. चपला काढता काढताच सुरुवात होई.

"वहिनी, कांदा केवढा चिरलाय हा! बैलापुढे टाकायचाय का?"

"झाकण कुठंय? वास काय शेजाऱ्यांना वाटायचाय?"

घरातला ओटासुद्धा वन्संनीच घालून घेतलेला. काळा, दगडी, आणि वन्संच्या उंचीचा. वन्सं होत्या ताडमाड आणि वहिनी चणीने बुटक्या. त्यामुळे वहिनींनी उभा संसार एका लाकडी पाटावर चढून केला होता. पाट सरकला की भाजीत मीठ जास्त पडे, आणि मीठ जास्त पडलं की वन्सं म्हणत, "हात बसला नाही अजून."

तो ओटा एके दिवशी सिंकच्या कोपऱ्यापासून तडकला. भाऊ हळहळले. वहिनींनी मात्र तडा पाहिला आणि त्यांना उजाडल्यासारखं झालं.

"अहो, या खेपेला ओटा मी निवडणार. वन्संना सांगायचं नाही."

"आणि तिला कळलं तर?"

"कळेलच की. बसवून झाल्यावर."

नशिबाने वन्संच्या मुलाने त्यांना त्याच सुमारास काही दिवस आपल्याकडे राहायला नेलं होतं. वहिनींनी वेळ दवडली नाही. लेकीला बरोबर घेतलं आणि थेट दुकान गाठलं.

दुकान कसलं, गोदामच ते. माणसापेक्षा उंच पोर्सेलीनच्या स्लॅब दारांसारख्या एकीला एक लावून उभ्या केलेल्या. विक्रेता उत्साही होता. त्याने एका स्लॅबवर किल्ली खरखरा ओढली, हळद चोळली, पेटता लायटर धरला आणि दर वेळी फडक्याने पुसून जादूगारासारखे हात पसरले.

"पोर्सेलीन म्हणजे कपबशीचंच ना हो?" वहिनींनी विचारलं.

"ताई, कपबशीची थोरली बहीण समजा."

"थोरली बहीण नको. दुसरं काहीतरी म्हणा."

शेवटी एका स्लॅबपाशी वहिनींचे पाय थांबले. दुधासारखी पांढरी, आणि वरून खालपर्यंत आडव्या राखाडी रेघांचे चढउतार. "पहाटेची डोंगररांग वाटते, नाही गं?" त्या मान तिरकी करून म्हणाल्या. लेकीने फोनमधून डोकं न काढता "हो" म्हटलं. ओट्यासाठी एक आणि मागच्या भिंतीसाठी एक, अशा दोन स्लॅब ठरल्या. मिस्त्री घरी येऊन माप घेऊन गेला. त्याने वहिनींना जमिनीवर अनवाणी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि तिथे भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची उंची विचारात घेतली होती. वहिनी त्या रेघेकडे दिवसभर येता जाता बघत राहिल्या.

स्लॅब बसवायचा दिवस उजाडला. धरायला रबरी वाट्या चिकटवलेली ती भलीमोठी पातळ चादर चार माणसं श्वास रोखून आत आणत होती. मिस्त्री पुढे उलटा चालत ओरडत होता, "डावीकडे घे! डावीकडे! तुझी डावी नव्हे, माझी!" भाऊ उगाचच दाराची चौकट धरून उभे होते, जणू तीच पडणार होती. स्लॅब आडवी झाली, कोपऱ्यात सरकली, टेकली. मिस्त्रीने वरून ओलं फडकं फिरवलं आणि ओटा चमकला. वहिनींनी दोन्ही तळवे त्यावर टेकले. पाट नव्हता. पाय जमिनीवर होते. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात लेक आत आली आणि दारातच थबकली. "आई, आत्या कधी आली?"

वहिनी गर्रकन दाराकडे वळल्या. "कुठे?"

"ही काय, ओट्यावर."

दुकानात स्लॅब उभी होती. इथे ती आडवी झाली होती. आणि दुकानातली डोंगररांग आडवी होताच तिचा बाजूने दिसणारा एक स्पष्ट चेहरा झाला होता. उंच शिखर होतं ते नाक. बाकदार, ताठ, खाली किंचित वळलेलं. त्याखालची टेकडी म्हणजे हनुवटी. मागचा गोल डोंगर म्हणजे घट्ट बांधलेला अंबाडा. एवढ्यावरही माणसाने म्हटलं असतं की योगायोग आहे. पण नाकाशेजारी एक राखाडी ठिपका होता, बरोबर तिथे, जिथे वन्संची चामखीळ होती.

भाऊ बराच वेळ वाकून बघत होते. "आमच्या घराण्याचं नाक आहे," ते म्हणाले. "माझंही असू शकेल."

"तुम्ही अंबाडा कधीपासून घालायला लागलात?"

वहिनी तडक बाहेर गेल्या आणि दुकानात फोन लावला. विक्रेत्याने ऐकून घेतलं. "बदलून काय उपयोग ताई? दुसरी आली तरी तीही अशीच येणार."

"अशीच म्हणजे?"

"छापलेली असते ना ही. खाणीतला दगड असता तर प्रत्येकाची रेघ वेगळी. आपल्याकडे एका डिझाइनच्या सगळ्या सख्ख्या जुळ्या."

हे ऐकून वहिनींना दुसरी स्लॅब आठवते न आठवते, तोच स्वयंपाकघरातून मिस्त्रीची आनंदी हाक आली, "ताई, भिंतीवरचीही बसली बघा! काय जुळलंय, वा!"

आता वन्सं दोन झाल्या होत्या. एक ओट्यावर, एक भिंतीवर. वरची खालचीवर नजर ठेवून असल्यासारखी.

"उलटी करून बसवता येईल का हो?" वहिनींनी मिस्त्रीला विचारलं.

"मागची बाजू कोरी असते ताई. आणि आता काढायची तर फोडूनच."

"निदान ही चामखीळ तरी?"

वहिनींनी चामखीळ साबणाने घासली, लिंबाने घासली, लेकीच्या नेलपॉलिश काढायच्या पाण्याने घासली. चामखीळ आणखी उजळ झाली. वर रंग लावावा म्हटलं, तर मिस्त्रीने अभिमानाने सांगितलं, "यावर काही म्हणजे काही टिकत नाही!"

त्या रात्री भाऊंचा बहिणीला फोन झाला. भाऊंच्या पोटात तीळ भिजत नसे. सकाळी वन्संचा निरोप आला: "ओटा बदललात म्हणे. परस्पर. निघालेच आहे."

मग घरात जी धावपळ झाली ती आग लागल्यावरही होत नाही. नाकावर मिक्सर ठेवला. अंबाड्यावर पावाचा डबा. हनुवटीवर चहा आणि साखरेच्या बरण्या, चामखिळीवर मीठ. भिंतीवरच्या वन्संना भाऊंनी विमा कंपनीचं मोठं कॅलेंडर अडकवलं. सगळं झाल्यावर तिघंही ओट्यापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहिले, फोटो काढून घ्यायचा असल्यासारखे.

वन्सं आल्या. दारातच उभ्या राहून त्यांनी वरून खाली पाहिलं.

"ओटा दाखवणार आहात की भांड्यांचं दुकान टाकलंय? सरका."

"वन्सं, आधी चहा घ्या."

"चहा करणार कुठे, जागा आहे का? मिक्सर सिंकला चिकटून ठेवलाय! शॉक बसेल एखाद दिवशी." त्यांनी मिक्सर उचलला. नाक उघडं पडलं. वहिनींनी चपळाईने त्यावर फडकं टाकलं. "फडकं असं लोळवू नये गं, वाळत घालावं." फडकं गेलं. लेकीने नाकावर हात ठेवला. "तू कशाला रेललीस? सरळ उभी राहा, पोक येईल." पावाचा डबा फडताळात गेला, बरण्या त्याच्या शेजारी. वन्सं आवरत होत्या आणि वन्संच दिसू लागल्या होत्या. "आणि भाऊ, गॅसच्या वर कॅलेंडर? अक्कल गहाण टाकलीस का?" त्यांनी कॅलेंडर ओढून काढलं.

लेकीने डोळ्यांवर हात घेतले.

वन्संनी चष्मा लावला. ओट्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग हळूच बोट उचललं, आधी ओट्यावरच्या ठिपक्याला लावलं आणि नंतर स्वतःच्या चामखिळीला.

"हे... मी आहे?"

भाऊ दाराकडे सरकायला लागले. आणि लेकीच्या तोंडून निघून गेलं, "सरप्राइज, आत्या!"

वन्सं स्टुलावर बसल्या. पदर डोळ्याला लावला. वहिनींनी त्यांना रडताना आजवर पाहिलंच नव्हतं.

"माझ्या स्वतःच्या घरात माझा एक फोटो आहे गं," त्या म्हणाल्या, "तोही कपाटाच्या आत. आणि तुम्ही मला दगडात कोरून घेतलंत? दोनदा? मला वाटायचं, मी येते त्याचा तुला जाच होतो."

"छे हो, वन्सं," वहिनी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"नाक जरा सढळ हाताने काढलंय," वन्संनी नाक ओढत सांगितलं. "पण चामखीळसुद्धा विसरला नाहीत!"

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. वहिनींनी काळजीने फोन केला तर उत्तर मिळालं, "आता मी कशाला येऊ? मी तिथे आहेच की!"

वहिनींनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. मग त्यांनी मनसोक्त कांदा चिरला, हवा तेवढा जाड. पातेलं उघडंच ठेवलं. गाणं म्हणत भाजी परतली आणि उकळतं पातेलं उतरवून सरळ अंबाड्यावर टेकवलं. अंबाड्याला काही झालं नाही, आणि नाक जिकडे बघत होतं तिकडेच बघत राहिलं, खिडकीबाहेर. ते दिवस वहिनींना सोन्याचे गेले. भाऊ जेवताना म्हणाले, "हल्ली भाजीला काहीतरी वेगळीच चव असते." वहिनी म्हणाल्या, "हात बसला."

पण खोट्याची धास्ती काही जात नाही. म्हणूनच एका दुपारी दुकानातून विक्रेत्याचा फोन आला, "ताई, तुमच्या नणंदबाई इथे आहेत, जरा लगेच या," तेव्हा वहिनी हातातलं काम टाकून धावल्या. छापलेल्या जुळ्या बहिणींच्या त्या रांगा वन्संनी पाहिल्या असणार. सगळं बिंग फुटलं असणार. उद्यापासून सकाळ पुन्हा पूर्वीसारखी, आणि वर टोमण्यांचं व्याज. रिक्षात बसून वहिनी माफीची वाक्यं जुळवत होत्या आणि प्रत्येक वाक्य तिसऱ्या शब्दाला अडखळत होतं.

दुकानात शिरल्या तर वन्सं मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांच्यामागे डोंगररांगेची स्लॅब, चार माणसांकडून आडवी करून घेतलेली.

"ये वहिनी, ये! मला वाटलं होतं, तुम्ही माझ्या दोनच काढून घेतल्या. इथे तर मी ढिगाने आहे!"

"वन्सं, त्या दिवशी पोरगी घाबरून बोलून गेली, खरं तर आम्ही..."

"अगं, या माणसाने सांगितलं मला सगळं. राग गिळायला एक दिवस लागला. मग म्हटलं, बाई, एका घरात असण्यापेक्षा गावभर असलेलं काय वाईट? खप आहे म्हणे माझा! कुणाच्या घरी कशी जातेय, ते बघायला नको? रोज येते मी."

तेवढ्यात पलीकडे आवाज चढला. एक नवी नवरी पांढऱ्या स्लॅबवर हात ठेवून उभी होती आणि तिची नणंद काळीच घ्यायची म्हणून हटून बसली होती. "पांढरी मळते! आणि उंची माझ्या मापाने घे, तुला काय कळतंय?"

वन्सं ताडकन उठल्या. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"काय हो बाई," वन्संचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला, "तिथे उभं कोण राहणार, तुम्ही का ती? मग उंची तिची, रंग तिचा. तुम्ही कशाला मध्ये नाक खुपसताय? आयुष्यभर पाटावर चढून स्वयंपाक करायला लावायचंय का पोरीला?"

वहिनींनी डोळे उघडले. वन्सं त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मुद्दामच बघत नव्हत्या, असं वहिनींना वाटलं. नव्या नवरीची नणंद दोन पावलं मागे सरकली होती, आणि वन्सं मिस्त्रीला पोरीच्या कोपराचं माप घ्यायला सांगत होत्या.

विक्रेता हळूच वहिनींच्या जवळ आला. चेहरा अगदी केविलवाणा. "ताई, सकाळी मी कुलूप काढायच्या आत त्या दारात असतात. माझा चहा पातळ म्हणतात, माझ्या माणसांना झाडू धरायला शिकवतात. हात जोडतो, त्यांना परत घेऊन जा ना."

वहिनींनी वर पाहिलं. गल्ल्याच्या मागे मोठ्या लाल अक्षरांत एक पाटी होती. त्यांनी ताठ उभं राहून, आपली सगळी उंची वापरून, त्या पाटीकडे बोट केलं आणि सावकाश मोठ्याने वाचलं:

"एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही."