ऊर्मीच्या उष्टावणाचा आदला दिवस

मुलीला मांडीवर घेऊनच जेवायला बसावं, असं मी त्या शनिवारी दुपारी ठरवलं. एवढंच. माणसं याहून मोठमोठे निर्णय घेतात आणि सुखरूप राहतात.

घरात मी आणि सात महिन्यांची ऊर्मी, दोघंच होतो. देविका दुसऱ्या दिवशीच्या उष्टावणासाठी फुलं, केशर आणि (माझ्यावर विश्वास नसल्यामुळे) कॅमेऱ्याचे सेल आणायला बाहेर गेली होती. जाताना बजावून गेली, "तिचं दूध पिऊन झालंय. तू फक्त सांभाळ. दुसरं काहीही करू नकोस."

मी इथे चेन्नईत, गिंडीच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचा पगार घेतो. त्यामुळे ही सूचना मला जरा अपमानास्पदच वाटली.

पहिला घास मामानं भरवायचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. ऊर्मीचा मामा म्हणजे सिद्धार्थदादा, देविकाचा थोरला भाऊ, मिरजेला असतो. बारशाच्या दिवशी त्याची गाडी सहा तास लेट झाली आणि मुहूर्त टळतोय म्हणून मी (होय, मीच) तो यायच्या आत नाव ठेवून मोकळा झालो. तो चेन्नईला पोचला तेव्हा घुगऱ्यासुद्धा संपल्या होत्या. चहा पिऊन परत गेला. देविकानं मग फोनवर त्याला शब्द दिला, "दादा, पहिला घास तुझाच. तुझ्याआधी तिच्या ओठाला कुणी काही लावणार नाही."

त्यांची आई गेल्यापासून तिचा कमरेला खोचायचा चांदीचा छल्ला दादानं जपून ठेवला होता. भाचीसाठी त्यानं तो मोडून चमचा घडवून घेतला. मी दहीभात कालवत होतो तेव्हा तो चमचा घेऊन दादा गाडीत बसलेला होता.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण ऊर्मी बघत होती. ताटापासून तोंडापर्यंत आणि तोंडापासून ताटापर्यंत, प्रत्येक घासाबरोबर तिची मान फिरत होती. सात महिने नुसत्या दुधावर काढलेलं माणूस असं बघायला लागलं की घास घशाखाली उतरत नाही हो.

मी करंगळीचं टोक दह्यात बुडवून तिच्या ओठाला लावलं. नुसतं दही. दही म्हणजे तरी काय, दूधच की (नियमात बसवायचंच म्हटलं तर बसतं). तिनं डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं, शहारली, आणि मोठ्ठा आ केला. मग मी थोडा भात कुस्करला. पुन्हा आ. पुन्हा बोट. आठव्या बोटाला मला सिद्धार्थदादा आठवला.

मी तिचं तोंड पुसलं, मानेवरची शितं वेचली, ताट घासून ठेवलं. (मी ताट घासलं, यावरूनच देविकानं ओळखायला हवं होतं.) ती आली तेव्हा मी पेपर वाचत होतो. ऊर्मीनं ढेकर दिली.

"दह्याचा वास येतोय," देविका म्हणाली.

"मी जेवलो ना."

"तुझा नाही, तिचा."

"दूध ओकली असेल."

बायकोशी खोटं बोललो आणि बोल लावला कुणाला, तर सात महिन्यांच्या पोरीला.

रविवारी सकाळी दादा आला. शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला चमचा काढून त्यानं देवापुढे ठेवला आणि मला म्हणाला, "उपेंद्रराव, या वेळी थांबलात, बरं वाटलं." धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

पाट मांडला. खाली राहणाऱ्या आमच्या घरमालकीण कमलिनीबाई आल्या. त्या तंजावरच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्याच, मराठीत तमिळ मिसळून बोलणाऱ्या. ऊर्मी माझ्या मांडीवर, देविका कॅमेरा घेऊन समोर. दादानं खिरीचा चमचा पुढे केला.

ऊर्मीनं ओठ घट्ट मिटले.

"आ कर, सोन्या, आ!" आम्ही सगळेच आ करत होतो. ऊर्मीनं शांतपणे मान वळवली, माझी करंगळी धरून तोंडात घातली, चोखली, आणि माझ्याकडे बघून आ वासला.

देविकानं कॅमेरा खाली घेतला. "उपेंद्र?"

"काल दुपारी," मी म्हणालो. "दहीभात. आठ बोटं." (क्वालिटी इन्स्पेक्टर असल्यामुळे आकडा बिनचूक.)

देविकाचे डोळे भरून आले. दादा हातातल्या चमच्याकडे बघत राहिला. मला माझी खरोखर लाज वाटली, हे गमतीनं सांगत नाही. दुसऱ्यांदा मी त्या माणसाचा मान खाल्ला होता.

"अय्यो, रडायला काय झालं?" कमलिनीबाई म्हणाल्या. "बोटानं चाटवलं त्याला घास म्हणतात का जी? घास म्हणजे चमच्यानं. पाप्पाला, या बाळाला, खीर नको, तयिर सादम हवी. आणते मी, मामानं भरवू दे." आणि त्या दहीभात आणायला खाली गेल्यासुद्धा.

दादाची माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं, "दादा, मी..."

त्यानं खिरीचा चमचा माझ्या तोंडात घातला. "घ्या उपेंद्रराव. केलेली खीर आहे, कुणाचं तरी उष्टावण होऊ दे."

देविका रडता रडता खुदकन हसली आणि तिच्या हातून कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं.

मग चमचा धुतला (देविकानं, तीनदा). कमलिनीबाईंचा मऊ दहीभात दादानं आजीच्या चमच्यानं भरवला आणि ऊर्मीनं वाटी संपवली. दादाला डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. तो फोटो मात्र आमच्याकडे नाही, कारण सेल संपले. (नवे सेल मी आदल्या संध्याकाळी टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले होते. तेही कबूल.)

त्यामुळे उष्टावणाचा एकच फोटो आहे. मी आ वासून बसलोय, दादा चमचा भरवतोय, आणि खाली कोपऱ्यात ऊर्मीच्या टोपऱ्याचा गोंडा. दादानं तो मोठा करून मिरजेच्या घरी बाहेरच्या खोलीत लावलाय. आल्यागेल्याला तो कौतुकानं दाखवतो, "हे आमच्याकडचं उष्टावण."

"आणि बाळ कुठाय?" लोक विचारतात.

"ते आदल्या दिवशीच जेवलं होतं."