येव का आत?

चांदीपची शेवंतामावशी बेशुद्ध माणसालासुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नसे. पापडीजवळच्या ज्या शुश्रूषागृहात मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना ठेवलं होतं, तिथे ती आया होती. खाटेच्या पडद्याबाहेर उभी राहून म्हणायची, "बाबा, येव का आत?" आणि चक्क उत्तराची वाट बघायची! आतला बाबा महिनाभर शुद्धीवर नाही आणि ही आपली बादली घेऊन उभी. तोवर पाणी गार व्हायचं.

मॅनेजरबाई डोक्याला हात लावायच्या. "मावशी, दहा आंघोळी आहेत अजून!"

"आंगोली नाय बाय, मानसं हायती," असं म्हणून मावशी पुन्हा पाणी तापवायला जायची.

मला हे सगळं नाटक वाटायचं. अर्धांगाच्या झटक्याने अप्पांची वाचा गेली होती. गिरीजला केळीच्या वाडीत जन्म काढलेला माणूस. इथे त्यांनी तोंडच मिटून घेतलं. चमचा दिसला की मान फिरवायचे. नाकातून नळी घालायचं ठरलं. तेव्हा मावशीने त्यांच्याशी ठरवून घेतलं, हो असेल तर पापणी एकदा मिटायची.

"चमचा नको?" मिटली.

"आपल्या हातानं जेवाचा?" मिटली.

तिने त्यांचा धड असलेला डावा हात भातात ठेवला. निम्मा भात मांडीवर, थोडा कानात. मॅनेजरबाई ओरडल्या, तर म्हणे, "सांडू दे. हात त्यांचा, भात त्यांचा." नळी टळली.

मग एकदा तिचा फोन आला. "दादा, अप्पांना घरी जायाचा हाय. मी तीनदा इचारला, तीनदा हो म्हनले."

"बघू पुढच्या आठवड्यात," मी म्हणालो. मनात म्हटलं, पापण्या काय, सगळेच मिटतात.

त्याच आठवड्यात अप्पा गेले.

मी पोचलो तेव्हा मावशी ऊन पाणी घेऊन पडद्याबाहेर उभी होती. "अप्पा, येव का आत?"

माझा तोल गेला. "पुरे, मावशी! आता कोणाला विचारताय?"

ती चिडली नाही. "माझा मालक दवाखान्यात गेला, तवा गुंडालूनच भायेर आनला त्याला. मी दारातच होती. तोंड पुसशील का, येवढा पन कोनी इचारला नाय." तिने बादली माझ्या हातात दिली. "आज तू इचार."

अप्पांना इथे आणताना मी डॉक्टरांना विचारलं होतं, बायकोला विचारलं होतं, बहिणीलाही फोन केला होता.

"अप्पा," मी म्हणालो, "येऊ का?"

पाणी गार होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.