सुखदेवभाऊंचा कडुलिंब

सुखदेवभाऊ कधी कोणाला नमस्कार करत नाहीत. समोर आले की चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "जिवंत हाय का?" गावातल्या माणसाला कळतं की ते त्याच्या झाडाबद्दल विचारताहेत. बाहेरच्याला कळत नाही. दर्यापूरहून आलेल्या एका नव्या जावयाने तर स्वतःच्या छातीवर हात ठेवून खात्री करून घेतली होती.

भाऊ आमच्या गावच्या युवक मंडळाचे अध्यक्ष आहेत. वय सदुसष्ट. एकदा तालुक्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "यात युवक कोण?" भाऊ म्हणाले, "युवक येतेत, लगन करतेत, पुन्याले जातेत. मी मंडळ आहो."

हे मंडळ दोनच कामं करतं. पावसाळ्यात झाडं लावतं आणि हिवाळ्यात दंडार बसवतं. दंडार म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं गाण्या-सोंगांचं नाटक. भाऊंनी या दोन कामांची गाठ मारून ठेवली आहे. दंडारीत कोणाला कोणता पार्ट द्यायचा हे आवाज किंवा नाकडोळे बघून ठरत नाही. दिवाळी झाली की भाऊ गावभर फिरतात आणि एकेकाच्या झाडाला काठी लावून बघतात. ज्याचं सगळ्यात जोमानं वाढलं, तो राजा. त्याच्या खालचा प्रधान. पानं पिवळी पडली असतील तर शिपाई. झाड मेलं असेल तर पार्ट नाही, सतरंज्या उचलायच्या.

त्यामुळे आमच्या गावानं नाना प्रकारचे राजे पाहिले. एकाचा आवाज इतका बारीक, की मागे बसलेल्या बायका शेवटपर्यंत त्याला राणी समजत होत्या. पाटलांचा पोरगा दिसायला राजबिंडा, पण त्याचं झाड बकरीनं खाल्लं. पाटील तावातावानं आले.

"सुखदेव, पोराले राजा कर. कपडे मी शिवून देतो."

"बकरीले करतो," भाऊ म्हणाले, "मेहनत तिची हाय."

मी याच गावच्या शाळेत मास्तर होतो. हे किस्से मी लग्नात, निरोप समारंभात, एसटीत, सगळीकडे सांगत आलो. शेवटी एक वाक्य ठेवणीतलं असायचं: "आणि मंडळी, अध्यक्षांचं स्वतःचं झाड? ते दरवर्षी मरते!" लोक हसून लोटपोट व्हायचे. भाऊ समोर असले तर तेही हसायचे. त्यांच्याच नियमानं त्यांना कधी पार्ट मिळाला नाही. ते पडद्यामागे बसून सगळ्यांना लाइनी सांगायचे. नाटक त्यांनीच लिहिलेलं होतं. महालासाठी जंगल तोडणारा एक राजा शेवटी उरलेल्या एकमेव झाडाची माफी मागतो, एवढीच गोष्ट. राजाचं ते शेवटचं बोलणं गावातल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

हे सगळं खरं आहे. पण मी त्यातलं एक सांगत नसे, कारण सांगितलं तर कोणी हसलं नसतं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरला पाणी लागतं, पण खारं. शाळेच्या मागचा तुकडा तर असा, की उन्हाळ्यात जमिनीवर पांढरं फुटतं. पावसाळ्यात झाडांच्या जागा वाटताना भाऊ पोरांना घराजवळच्या, मोरीच्या पाण्याच्या जागा देत. शेवटी उरायचा तो शाळेमागचा तुकडा. "राहू द्या, मले कोनतीबी चालते," म्हणत ते तिथे आपला कडुलिंब लावत. जागा वाटताना मी दरवर्षी भाऊंच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलेलो असे, हे सगळं डोळ्यांनी बघत.

निवृत्तीनंतर एकदा सकाळी फिरायला गेलो, तर भाऊ त्या वाळक्या रोपासमोर उभे होते. डोक्याला दुपट्टा फेट्यासारखा बांधलेला. रोपापुढे हात जोडून राजाचं शेवटचं बोलणं म्हणत होते. मला बघून त्यांनी दुपट्टा सोडला.

"पोरायसाठी पाठ करून राहिलो होतो," म्हणाले.

त्या दिवसापासून तो किस्सा माझ्या तोंडून निघेना. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा तिथेच रोप लावलं. मी आठवड्यातून दोनदा, ते शेतात गेले की, सायकलीला गोड्या पाण्याचा कॅन लटकवून जाऊ लागलो. दुसऱ्या दिवाळीला लिंब माझ्या खांद्याला लागला. पोरांनीच काठी लावली आणि नाचत सुटली, "यंदा राजा सुखदेवभाऊ!"

भाऊंनी पोरांना काठी पुन्हा एकदा लावायला सांगितली. पण दुसऱ्या दिवशी मिशीला कलप लावून आले.

तालमीच्या पहिल्या दिवशी ते माझ्या घरी आले. हातात माझा कॅन.

"सर, हा झाडापाशी राहिला होता."

"माझा नाही."

"झाकनावर नाव हाय तुमचं."

प्रत्येक वस्तूवर नाव घालायची मास्तरकीची सवय.

"कवापासून टाकून राहिले?"

"लावलं तेव्हापासून."

"गोडं?"

"गोडं."

ते ओट्यावर बसले. "तरीच. मले वाटलं, माह्या हाताले गुन आला."

"भाऊ, लावलं तर तुमीच ना."

"लावतेत सारेच. पार्ट जगवनाऱ्याले भेटते. पाटलाच्या पोराले एक सांगू अन् माह्यासाठी दुसरं करू काय?"

मी हातापाया पडलो. त्यांनी ऐकलं नाही. पोरांना सांगितलं, "राजा सर हायेत." पोरं खदाखदा हसली. भाऊ हसले नाहीत. पेटीतून त्यांनी एक गुलाबी फेटा काढला. बांधून, टाके घालून ठेवलेला, त्यांच्याच डोक्याच्या मापाचा. तो माझ्या भुवयांवर उतरला. तेव्हा त्यांनी आपल्या रुमालाची घडी करून आत कोंबली आणि मान वाकडी करून बघितलं. "आता बसला," म्हणाले.

दंडार झाली. मला सगळ्या लाइनी येत होत्या. शेवटच्या बोलण्याशी आलो आणि स्टेजवरच्या झाडासमोर हात जोडून गप्प उभा राहिलो. पडद्यामागून हळूच पहिली लाइन आली. मी गप्प. पुन्हा जरा मोठ्यानं आली. मी गप्पच. माईक माझ्या डोक्यावर टांगलेला आणि दाढी-मिशी अशी चिकटवलेली, की ओठ दिसत नव्हते. मग मागचा आवाज थांबलाच नाही. सगळं बोलणं, शेवटच्या शब्दापर्यंत, त्यानं एकट्यानं म्हटलं. पुढे बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत लोक मला थांबवून सांगतात, "सर, राजा करावा तर तुमीच." मी मान डोलवत आलो. म्हणून हे लिहितो आहे. तो आवाज माझा नव्हता.

दंडारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ लिंबाजवळ भेटले.

"सर, आखरीची लाइन खरंच इसरले होते का?"

"इसरलो होतो," मी म्हणालो. हेही खोटं होतं.

मग मी त्यांच्यासारखाच चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "जिवंत हाय का?"

साऱ्या गावाला विचारत फिरणाऱ्या या माणसाला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी एक फांदी हातात घेतली, पानं उलटीसुलटी करून नीट पाहिली.

"हाय," म्हणाले.