चूक मोजणाऱ्याची

मे महिन्यात आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवरचं तापमापक चव्वेचाळीस दाखवायचं, तेव्हा फिजिक्सचे यन्नम सर कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, "एकेचाळीसच्या वर जाणं शक्य नाही. चूक मोजणाऱ्याची." सकाळी घरून ते तसं गणित करूनच आलेले असायचे. शिंप्यानं पँट आखूड शिवली, चूक मोजणाऱ्याची. डॉक्टरांनी रक्तदाब जास्त सांगितला, चूक मोजणाऱ्याची. मी मराठी शिकवायचो आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं, त्यामुळे हे वाक्य मी वर्षानुवर्षं चहाबरोबर गिळलं.

या वाक्याचं मूळ हेलियमच्या अणूत होतं. त्यात इलेक्ट्रॉन दोनच. विजेचा भार असलेला एखादा कण सुसाट वेगानं शेजारून गेला, तर कधीकधी एकाच फटक्यात दोघंही अणू सोडून जातात. हे किती वेळा घडेल ते कागदावर काढायचं, एवढाच सरांचा आयुष्यभराचा उद्योग. मला त्यांनी हे टेबलावर दोन शेंगदाणे मांडून समजावलं आणि मग दोन्ही शेंगदाणे स्वतःच खाल्ले.

अडचण अशी, की परदेशातल्या प्रयोगशाळा जे मोजत त्याच्या दुप्पट सरांचं उत्तर यायचं. दर वेळी दुप्पट. त्यांचे निबंध साभार परत येत आणि सर त्या प्रयोगशाळांना खरमरीत पत्रं लिहीत, की यंत्रं तपासून घ्या. उत्तर कधी आलं नाही. "लाजले असतील की," सर म्हणायचे.

सुनंदा ही त्यांची पीएचडीची एकुलती एक विद्यार्थिनी. सांगोल्याकडची, घरी मेंढरं. प्रबंध लिहून झाला होता, सरांची सही तेवढी राहिली होती. पण तिचं उत्तर सरांच्या उत्तराच्या निम्मं होतं. का, ते तिनं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं.

"सर, रागावू नका. वाडग्यातनं दोन मेंढरं भायेर पडली. ही पुढं, ती मागं, अशी एकदा मोजली. मग ती पुढं, ही मागं, अशी परत मोजली. मेंढरं चार व्हत्यात का? इलेक्ट्रॉन तर वळखू बी येत न्हाईत. आपण जोडी दोनदा मोजलीय. अर्धं केलं की जुळतंय."

सर खुर्ची मागे सारून उभे राहिले. "माझ्या उभ्या आयुष्याच्या कामाला मेंढरं लावतेस?"

त्यांनी सही केली नाही. ती कितीतरी महिने खेपा घालत राहिली. शेवटी तिच्या नोंदणीची मुदत संपली. आणि मी काय केलं? मी तिला जिन्यात गाठून म्हणालो, "माफी माग, मिटेल सगळं." जी बरोबर होती तिलाच मी हे सांगत होतो. ती म्हणाली, "कशाची मागू, सर?" तो जिना आठवला की अजून माझी मलाच लाज वाटते.

पुढे सर निवृत्त झाले, मीही झालो. आम्हा पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात यंत्रावर अंगठा ठेवून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. केंद्र आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. सर मात्र त्यासाठी एसटीनं मोहोळला जातात. मला वाटायचं, म्हातारपणी नवं खूळ. यंदा मीही सोबत गेलो, तर खिडकीपलीकडे सुनंदा. लग्न होऊन मोहोळात आलेली, दाखले काढून देत बसलेली.

"ठेवा अंगठा, सर."

यंत्रानं तो घेतला नाही. जन्मभर खडू धरून रेषा झिजल्या होत्या. तिनं रुमालानं त्यांचा अंगठा पुसला, हात धरून यंत्रावर दाबला. त्या हातानं तिला एक सही दिली नव्हती. सर मान खाली घालून उभे होते.

तिसऱ्यांदा अंगठा उठला. मग सरांनी पिशवीतून तिचा जुना प्रबंध काढला. आता त्यावर त्यांची सही होती.

"सुनंदा, अर्धं करायचं होतं."

"म्हाईत हाय की, सर." तिनं स्क्रीनवरून नजर काढली नाही. "पर आता ह्ये कोण घेतंय? न्या माघारी. पुढचं कोण हाय?"

परतीच्या एसटीत प्रबंध सरांच्या मांडीवर होता. "चार वर्षं हेच सांगायला जात होतो," ते म्हणाले. "दर वेळी नुसता अंगठा देऊन परत."

"झालं ना सांगून?" मी जरा चिडूनच म्हणालो. "आता पुढच्या वर्षी गल्लीतल्या केंद्रात जाऊ."

सरांनी प्रबंध परत पिशवीत ठेवला.

"नको," ते म्हणाले. "मोहोळलाच जाऊ. तिथली मोजणारी बरोबर आहे."